टपालकाटा

हापसालूच्या टपाल कचेरीतून निवृत्त होताना
हेल्वीने तिथला जुना काटा मागून घेतला.
आता त्यावर काळ्या पावाचा काप ठेवते: बेचाळीस ग्रॅम.
"देशांतर्गत, साधं टपाल," पुटपुटते,
आणि वहीत लिहिते, शंभर कॅलरी.

सहा महिन्यांत तीन किलो उतरले. खोटं कशाला बोला.
वहीमुळेच तर कळलं,
आपण उभ्याउभ्याच जेवतो, ओट्याशी,
खिडकीपलीकडे कुणी ताटकळत असल्यासारखं.

काल शेजारच्या उर्मासने दिलेल्या
आलुबुखारांचा मुरंबा ढवळताना
चमचा चाटला. किती वेळा, कोण जाणे.
वही उघडली. "मुरंबा", एवढंच लिहिलं.
आकड्याच्या जागी उमटला
तारखेच्या शिक्क्यासारखा
बोटाचा चिकट गोल.

मग खुर्ची ओढून बसली.
रांगेत कुणीच नव्हतं.