पान सतरा, ओळ चार

टोलीडोत फेब्रुवारीची रात्र. बाहेर मीठ टाकणारा ट्रक
रस्त्याशी पुटपुटत जातो.
मी तळघरात, ड्रायरच्या शेजारी, पायांत दोन-दोन मोजे,
मांडीवर नवा लॅपटॉप, आणि त्याला शेपटीसारखी लटकलेली
अकरा डॉलरची सेकंडहँड फ्लॉपी ड्राइव्ह.

डिस्कवरचं लेबल: 'दीपगृह. हात लावू नये.'
अक्षर माझं. पेन नीलाक्षीचं.

ड्राइव्ह खर्र खर्र करते,
अडकित्त्यात सुपारी अडकावी तशी.
मग लॅपटॉप म्हणतो,
हा प्रोग्रॅम या मशीनवर चालणार नाही.
इतक्या सभ्यपणे मला आजवर
फक्त इथल्या बँकेने नाही म्हटलंय.

तेव्हा सोंग.
नव्याच्या पोटात जुनं मशीन रचायचं:
मेमरी सहाशे चाळीस, रंग चार,
साउंड कार्ड आहे असं खुशाल खोटं सांगायचं,
इंटरप्ट पाच की सात, हे एकेकाळी मला
पाढ्यासारखं पाठ होतं.
(मुलीचा नवा फोन नंबर अजून पाठ नाही.)

सोंग वठलं. जरा जास्तच वठलं.
जहाज आलं, फुटलं. आलं, फुटलं.
दिवा लावायला मी बोट उचलेपर्यंत
सोळा कप्तान तळाशी.
या खेळाला घड्याळ कळत नव्हतं कधी,
तो यंत्राच्या दमावर चालायचा,
आणि या यंत्राला दमच लागत नाही.

मग त्याला हळू व्हायला शिकवलं.
आकडा खाली, अजून खाली. तीन हजार. अठ्ठावीसशे.
दिवसभर ऑफिसात मी याच्या बरोब्बर उलट काम करते,
त्याचे पैसे मिळतात.
सव्वीसशेला लाट आली, ठिपक्यामागून ठिपका,
आणि पहिलं जहाज धक्क्याला लागलं. टूं.

आणि निळी चौकट:
माहितीपुस्तिका, पान सतरा, ओळ चार. दुसरा शब्द कोणता?

पुस्तिका.
ब्याण्णव साली, बोलिंग ग्रीनच्या त्या दोन खोल्यांतून
नीलाक्षी निघाली, तेव्हा मी लायब्ररीत
एकच पान दोन तास वाचत बसले होते.
भांडण कुकरचं होतं, तिच्या आईने पाठवलेल्या, तीन लिटरच्या;
आणि विजेच्या बिलाचं, बत्तीस डॉलर;
आणि त्या दोन्हींच्या खाली आणखी कशाचं तरी,
ते आता शपथेवरही सांगता येणार नाही.
तिने पुस्तिका नेली. कुकर राहिला.

अंदाजाने टाकून पाहिलं: दिवा. तेल. खडक.
तीन चुका झाल्या की खेळ मिटतो, पुन्हा पहिल्यापासून.
रात्रीचे अकरा. टूसॉनला अजून नऊच.
नंबर तिच्या चुलतभावाने दिला होता, पाच वर्षांपूर्वी,
न मागता.

'हॅलो'च्या पुढचं वाक्य मी नीट जुळवून ठेवलं होतं.
तोंडातून निघालं ते:
पान सतरा, ओळ चार.

बराच वेळ फक्त पंखा. तिचा की लॅपटॉपचा, कळेना.
मग, "थांब."
जिना. कपाट. खोकं फरफटत आणल्याचा आवाज.
मग चष्म्यासाठी आणखी एकदा थांब.

"बकेट."
"काय?"
"बादली गं. बी, यू, सी..."

बकेट. एंटर.

पुढचं बंदर उघडलं. फोन मी ड्रायरवर ठेवला, स्पीकर लावून.
"डावीकडे जाऊ नकोस."
"माहितेय."
"माहितेय म्हणे! दर वेळी तिथेच फुटायचीस."

फुटले.

ड्रायरमधले कपडे गार झाले. जहाजं येत राहिली
सव्वीसशेच्या चालीने, टूं, टूं,
तिकडे ती मध्येच कुणाला तरी म्हणाली, झोप तू, मी येते.
कुकर वरच्या फळीवर आहे, रिंग चारदा बदललेली.
त्याचं तिने विचारलं नाही. मीही
एवढं एक बंदर होऊ दे, म्हटलं.