पाच आणि थोडं

पाटबंधारे खात्याच्या लिलावात घेतलेली जीप,
दारावर अजून ‘कालवा उपविभाग’ची पुसट पिवळी अक्षरं,
मानवतच्या पुढे एका नाल्यात
टक्क करून थांबली.
मोठा आवाज नाही. बाभळीची काटकी मोडावी तेवढाच.
इंजिन चालू, गिअर पडतोय,
चाक मात्र जागचं हलेना.
पेटी खांद्याला मारून मी अडीच कोस
ढेकळं तुडवत गेले.
पोचले तेव्हा वासरू कडब्यावर ठेवलेलं होतं,
म्हैस त्याला चाटत होती,
आणि घरातलं कुणी मला काही बोललं नाही.
चहा दिला.

जिंतूर रोडला खाजा मिस्त्रीनं अ‍ॅक्सल खाली घेतला.
आतून दाट काळं तेल आलं,
त्यात लोखंडाचा चुरा, उन्हात चमचमणारा.
“हौ म्याडम, हाड गेलंय.
पन नुसतं हाड बदलून भागायचं न्हाई.
हा पायच आता तुमच्या वज्जनाचा राह्यला न्हाई.
जालन्याला चला.”

जालन्याच्या भंगारात
नांगराचे फाळ, शिलाई मशीनचे पाय, दवाखान्याच्या खाटा,
उद्या ज्याची सळई होणार ते सगळं.
त्यात एक जाडजूड मागचा अ‍ॅक्सल,
कुण्या दांडग्या गाडीचा, किलोच्या भावानं.
मुंजाजीनं त्यावर खडूनं माझं नाव लिहिलं.
चुकीचं.

“डोळ्यात फूल पडलंय,” मिस्त्री म्हणाला,
“दाते तुम्ही मोजा. तुमचा हात तर रोजच...”
आणि हसता हसता गप्प झाला.
मी बाही वर केली.
वीस वर्षं या हातानं अंधारात ओळखलंय,
हा खूर, हा गुडघा, ही जीभ, अजून गरम आहे.
आता ग्रीसमध्ये बोटं चालली.
मोठ्या चक्राला सत्तेचाळीस. छोट्याला अकरा.
जुन्याला होते त्रेचाळीस आणि आठ.

त्यानं कानावरची बिडी काढली, परत ठेवली.
“मंग जमत न्हाई.”
“का? बसतोय की.”
“बसल ना. रोडवर कळनारबी न्हाई.
पन गाऱ्यात तुम्ही चारी चाकं लावसाल,
मागचा म्हनल चल, पुढचा म्हनल थांब,
आन मधल्या पेटीचे दात झडतील.
एक बदलला की दुसराबी बदलायचा, म्याडम.
त्याच हिशोबाचा.”

परत जालना. तिथं तीन दिवस,
दोनदा रिकाम्या हातानं लॉजवर.
पुढचा सापडला वजनकाट्याच्या मागे,
त्याच्यावर पाण्याचा माठ ठेवलेला.

जीप ठोकळ्यांवर.
एका चाकाला मी, दुसऱ्याला मुंजाजी,
दोघांनी एकदम फिरवायचं, एकच फेरा.
खाली मिस्त्री उताणा, नाकाशी शाफ्टवरची खडूची रेघ.
“एक. दोन. तीन. अय मुंज्या, हळू. चार. आन पाव.”
मागं चार आन पाव.
पुढं चार आन पाव.
मग तो बराच वेळ खालीच पडून राहिला,
थंड वाटतं म्हणाला.

पुढच्या आठवड्यात दुधनेच्या पलीकडून फोन,
रात्री दीडला.
पात्रातल्या वाळूत लिव्हर ओढला, गाडी गेली.
नुसती गेली.
पोचले तर म्हैस मोकळी होऊन गेलेली,
रेडकू पाय फाकवून उभं.
माझं काही काम नव्हतं.
चहा घेतला, साखर जास्त होती.

जुना अ‍ॅक्सल अजून गॅरेजच्या लिंबाखाली पडलाय.
कोंबड्या बसतात त्यावर.
तेल बदलायला गेले की मी वाकते,
त्याचं तोंड हातानं फिरवते,
एक, दोन, तीन, चार,
पाच आणि थोडं.
आत काहीतरी फिरतं, बोटांना कळतं.
चाकाचा दट्ट्या हलत नाही.
“इकून टाकू का?” मुंजाजी विचारतो दर वेळी.
राहू दे, म्हणते. राहू दे अजून.