निव्वळ वजन

सावद्याच्या तोलकाट्यावर, रात्रपाळीत,
आम्ही कृष्णायसाचं वजन केलं.
चार वयांत, चारदा.

पुस्तक नवाबचं. कव्हर गेलेलं,
शेवटची सोळा पानं रावेरच्या बाजारात
कुणाच्या तरी फुटाण्यांभोवती गेलेली.
त्यामुळे कृष्णायस शेवटी मेला की नाही
हे आम्हा तिघांपैकी कुणालाच माहीत नाही.
वाद घालायला एवढं पुरतं.

फेगडे म्हणाला, आधी नियम.
भरलेली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी.
चिलखतासकट उभा राहील त्याला मी बळ म्हणत नाही भो,
तो नुसता लोड.

बरं. मग चाळिशीचा घ्या.
पाठीत अणुभट्टी, गुडघ्यांत तेल,
डाव्या तळहातातून सुटणारा तो जांभळा झोत
ज्यानं शनीच्या कड्याला भोक पाडलं.
भरलेलं वजन चारशे दहा.
चिलखत उतरवा. उतरवलं.
आत एक दमेकरी, पोट सुटलेला,
जिना चढताना कठडा धरणारा.
फेगडेनं पावतीवर निव्वळ आकडा लिहिला
आणि शाई ओली होती तोवरच
बोटानं पुसला.

मी एकोणिसाच्या बाजूचा. आधीपासून.
हातात तुटका गज, अंगात बनियन,
खाणीच्या तोंडाशी सात पहारेकरी,
आणि सातवा पडेपर्यंत त्याला कळलंच नाही
की आपला एक कान गेलाय.
ते पान मी इतक्यांदा उघडलंय
की तिथे माझ्या अंगठ्याएवढा केळीच्या चिकाचा डाग आहे.
चीक धुऊन जात नाही, इथं पोरंसोरंही सांगतील.
एकोणिसाव्या वर्षी मीही
पहाटेच्या आत अर्धी वॅगन एकट्यानं भरलेली.
ते कुठल्या पुस्तकात नाही.

फेगडे सत्तरीवर अडून बसला.
काचेच्या पेटीत आडवा, नाकात नळ्या,
बोट हलत नाही;
पापणी मिटली की तिकडे एक आरमार विझतं.
'हात न उचलता मारतो, त्याच्यासमोर तुझा एकोणीस
म्हणजे जत्रेतली पिपाणी.'
मी म्हटलं, ते बळ त्याचं कुठंय,
पापणीकडे बघत बसलेल्यांचं आहे.
'मग कर की वजा.'
केलं.
दोघंही थोडा वेळ बोललो नाही.

मे महिना. रात्रीचा दीड, आणि पत्रा अजून उतरलेला नव्हता.
कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा बुक्कीनं फोडलेला.
सातपुड्यात वर कुठंतरी वणव्याची एक रेघ
सरळ जात होती, मग वाकडी.

नवाब तडवी हमाल. घडाखाली मान घालून घालून
त्याची बोलायची सवय मोडलीय.
'चौघांना एका खड्ड्यात सोडा,' तो म्हणाला,
'नऊ वर्षांचा जिंकतो.'

नऊ वर्षांचा!
तो तर पान तीनवर येतो आणि पान तीनवरच जातो,
लाल चंद्रावरून बहिणीसाठी पाण्याचं कॅन ओढत.
माशीसुद्धा मारत नाही.

'त्याला हात कोण लावणार?
एकोणिसाच्यानं लावला तर एकोणिसाचा राहील का?
म्हाताऱ्याची तर पापणीच त्याच्याकडून आलेली.
उलट तिघं मिळून त्याचं कॅन उचलतील, बघा.'

'हे बळ नाही,' फेगडे म्हणाला, 'ही हिशेबातली लबाडी.'
पण म्हणाला हळू.
मग स्वतःशीच: पोरगं असेल बावीसेक किलोचं.
आपला काटा वीस-वीसनं उडतो.
वरचे दोन कुठे गेले ते मला विचारू नका.

तेवढ्यात बऱ्हाणपूरकडची गाडी आली.
सोळा टन आठशे चाळीस.
ड्रायव्हरनं पावती घेतली, पाणी मागितलं, प्यायला, गेला.
धूळ खाली बसली.

डब्यावर लाल आकडा शून्याला आला नाही.
वीस.
फेगडेनं बटण दाबलं, खिडकीतून वाकून पाहिलं:
काट्याच्या ऐन मध्यावर
आमचं पाण्याचं कॅन.
ड्रायव्हर तिथेच ठेवून गेलेला.

उचलून आणायला हवं होतं.
तिघांपैकी कुणी लगेच उठलं नाही.