चार मार्कांचं फाटक

पेपर सुटला तेव्हा फैजपूरच्या रस्त्यावर
केळीचे ट्रक एकामागे एक अडकले होते
आणि रसवंतीच्या घुंगरांपाशी आम्ही पाचजण
एकच प्रश्नपत्रिका धरून उभे.
बाकीच्या चार घड्या करून
कंपासपेटीत कोंबल्या होत्या, नको तो विषय म्हणून,
पण विषय काही संपत नव्हता.

अपठित कविता. बारा ओळी.
कुणीतरी संध्याकाळी घरी येतं, दिवा लावतं,
फाटकाची लॅच तशीच सोडतं. बस.
प्रश्न तीन, ब : फाटक उघडं का ठेवलं असावं?
गुण चार.

"लॅच म्हंजे काय रे, पह्यले ते सांगा," लोकेश भोळे म्हणाला.
त्याला ती मुलगी वाटली होती.
लॅच नावाची, फाटकापाशी सोडून दिलेली.
दीड पान लिहिलं होतं त्यानं तिच्यावर,
तिचे हाल, समाजाची जबाबदारी, शेवटी एक म्हण.
आम्ही इतके हसलो की रसवाल्यानं चरक थांबवला.

हेमांगी नारखेडे मात्र शांत,
पहिल्या बाकावरची शांत.
"फ्रीडम," ती म्हणाली. "उघडं फाटक म्हणजे फ्रीडम.
क्लासच्या सरांनी सांगितलंय ना,
दार, खिडकी, पाखरू, आभाळ, काहीही आलं की फ्रीडम.
नदी आली तर लाइफ."
निखिलेश म्हणाला, मीपण फ्रीडम.
तो माझ्याच पुढे बसला होता
आणि घंटा होईस्तोवर निबंधातून बाहेर आला नव्हता.
लोकेशनं बर्फाचा खडा कडकन फोडला.

मग पालहून रोज पहिल्या गाडीनं येणारी
जुबेदा तडवी ग्लासातच बघत म्हणाली,
"मी लिहिलं, बकरी यायची राहिली असंल."

क्षणभर कुणालाच कळलं नाही.
मग कळलं.
"बकरी? कवितेत बकरी कुठाय?"
"अगं, इंग्लंडात कुठली बकरी!"
"काबरं नाही?" ती म्हणाली. "दिवेलागण झाली,
एक मागं राहिली, तर फाटक लावतं का कोणी?"
हेमांगीनं तिसरी ओळ दाखवली, सातवी दाखवली,
बोट कागदावरून खाली खाली गेलं.
बकरी नव्हती. खरंच नव्हती.
फ्रीडमही नव्हतं, पण ते कुणी शोधलं नाही.

आणि मी हसले.
सगळ्यांत मोठ्यांदा, डोळे पुसावे लागेपर्यंत.
"तू काय लिहिलंस गं, वृषाली?"
"फ्रीडम."
आलं घातलेला रस होता, घशाला थोडा लागला.

माझ्या उत्तरपत्रिकेत, एकोणिसाव्या पानावर,
गिचमिड अक्षरात
आमच्या हिंगोण्याची कानतुटी आहे.
रोज सगळ्यांच्या शेवटी येते ती,
पाटाच्या कडेकडेनं सगळं चाखत.
तिच्यापायी अण्णा फाटकाला नुसती वीट लावतात,
कडी घालत नाहीत.
मी गोट लिहिलं होतं. मग खोडून ॲनिमल.
मग वेळ उरला म्हणून पुन्हा गोट.

पालची गाडी लागली.
जुबेदा चढली, जागा धरली,
खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाली,
"रसाचे दोन रुपये राह्यले होते तुझे."
मी घेतले. नाणं गरम होतं.
तीन शब्दांचं काम होतं,
मीपण बकरी लिहिली,
आणि तेवढा वेळ गाडी उभी होती.

कंडक्टरनं दार ओढलं. लागलं नाही.
पुन्हा ओढलं.
शेवटी खिशातून सुतळी काढून
त्यानं ते दांडीला बांधलं आणि डबल घंटी मारली.
"ए, ती पहा, लॅच!" लोकेश ओरडला.
सगळे पुन्हा हसायला लागले.
मी ग्लास परत करायला वळले.
हेमांगीनं तोवर
प्रश्न चारचं पान उघडलं होतं.