पोटखराब

सातबाऱ्यावर या सड्याला मी एकच शब्द दिलाय :
पोटखराब.
लिहिला, शिक्का मारला, खाली उतरलो
जिथे समुद्र आहे, आणि प्यायला टँकर.

चैत्रात कातळ चपलेतून चावतो.
करडाच्या काड्या, करवंदीची एक जाळी,
लांबवर होडीसारखी थांबलेली म्हैस.

भागू झोरे मात्र नावं घेत चालते :
ही म्हशींची तळी, पौषातच आटली.
ही दोण, हिच्यात शिमग्यापर्यंत ढवळं पाणी.
हा व्हाळ. नुसते धोंडे,
पण वळण अजून त्याचंच.
आणि इथे कातळात कोरलेला हातभर मासा.
कुणी कोरला, कधी, तिला ठाऊक नाही.
"तान लागली आसंल त्याला," एवढंच म्हणते.

मग गुडघे टेकून भेगेला कान लावते.
मीही लावतो.
मला माझंच रक्त ऐकू येतं.
"जातंय," ती म्हणते, "खाली जातंय.
तुमच्या बावीत निघंल."

रात्री पोहरा अर्धाच वर आला.
तळाशी चिमूटभर तांबडा गाळ.
कंदील जवळ धरून
बराच वेळ बघत राहिलो.