सतरावं मिनिट

या आठवड्यात मी शिकवलं गहाळ नोंदींविषयी.
पडद्यावर साठ चौकोन, एकोणचाळीस काळे,
आणि ल्वांदिसो तर काळ्यातसुद्धा नाही,
तिसरा आठवडा.
मी लिहिलं : गैरहजर.

मकांडातल्या या खोलीत फायबर आहे, हीटर आहे.
वीज गेली की इन्व्हर्टर हलकेच खाकरतो,
माझं वाक्यही तुटत नाही.

शुक्रवारी त्याची मेल आली, पहाटे चार चाळीसची,
लुसिकिसिकीच्याही पलीकडून :
मॅडम, रात्री बारा ते पाच डेटा स्वस्त असतो,
मी तेव्हा वर्गात येतो.
बहिणी त्याच खोलीत निजतात, म्हणून फोन रजईत.
तुम्ही गुड मॉर्निंग म्हणता
तेव्हा इकडे ती जवळ आलेली असते.
फक्त सतराव्या मिनिटाला तुमचा कुत्रा भुंकतो
आणि आमचा बाहेरून त्याला उत्तर देतो.
सगळं घर उठतं.
तेवढं कापता आलं तर बघा.

खाली गृहपाठ, फोनवर अंगठ्यानं टाइप केलेला,
अपूर्णांक आडवे पडलेले.
तिसऱ्या प्रश्नाखाली एवढंच :
नोंद का गहाळ, हे नोंदीला विचारता येत नाही.
मोजणारा कुठे बसला होता, ते आधी विचारावं.

हजेरीपट उघडला.
सात दिवसांनी रकाने गोठतात,
खोडायची सोय नाही.

कुत्रा कापला.
चित्र काढून नुसता आवाज ठेवला, फाईल हलकी केली.

माझा कुत्रा पायाशी झोपलेला.
बारा वाजून गेल्यावर कधीतरी
त्यानं कान टवकारले.