मातीची नोंद

क्लूझच्या कोशखान्यात माझ्या खणात
'प'ची चार हजार कार्डं आहेत.
त्यातलं एक कोटाच्या खिशात राहून गेलं
आणि तसंच आलं माझ्यासोबत
आपुसेनी डोंगरात, तुदोसेमामाच्या मातीला.

पमिंत. म्हणजे शेत, माती, भूमी,
हे सगळं, ज्यावर आपण उभे असतो ते.
खाली माझ्याच बारीक अक्षरात :
लॅटिन पाविमेंतुम्, अर्थ फरसबंदी.

आधी कुणाच्या तरी स्नानगृहाची फरशी होती म्हणे,
गुळगुळीत, खालून ऊब देणारी.
मग छपरं गेली, नळ फुटले,
लोक शेरडं हाकत वर चढले.
वाटेत 'व' गळाला, शेवटचा 'उम्' झिजला.
फरशी काही कुणी पाठीवर आणली नव्हती,
नुसता शब्द होता.
पाय टेकले तिथे तो अंथरला
आणि तेवढाच
पुरला अख्ख्या पृथ्वीला.

फरशीच्या खाली एक क्रियापद आहे, पावीरे :
चोपणे, ठोकून बसवणे.
त्याच्याही खाली एक धातू,
कपाळावर तारका असलेला.
तारका म्हणजे, कुणी ऐकलेला नाही
पण असणार.

निकोदिम खड्डा भरत आणला होता.
फावड्याची पाठ ओल्या ढिगावर आपटत होता.
पाव्.
पाव्.
खिशात माझा अंगठा
त्या तारकेवरून फिरत राहिला.

"शहरात काय करता तुम्ही?"
सांगितलं.
हेच, म्हणाले, हे चोपणं,
दोन हजार वर्षांपासूनचं, कदाचित त्याआधीचं.
त्याने तळहातावर थुंकून हात चोळले.
"तरी खचतेच की.
ईस्टरनंतर या एकदा.
वरून अजून एक गाडी घालावी लागेल."

मामी दारातूनच ओरडली,
बूट बाहेर काढ, आत्ता पुसलीय जमीन.
पायरीवर बसून काढले.
टाचेखालचा गोळा सुटून पडला,
काळा, गवताच्या मुळासकट.

नंतर तिने पायरी झाडली.
गोळ्याच्या अलीकडून झाडली, पलीकडून झाडली,
त्याला खराटा लावला नाही.